पिशवीचा षटकार

३ मार्च, मंगळवार

वही, माफ कर. शेवटची नोंद अक्कलदाढ काढली त्या दिवसाची आहे. ती जखम भरून आता वर्ष होत आलं. मधल्या काळात काही घडलं नाही असं नाही, पण सगळं सुरळीत चाललं की मला लिहायला सुचत नाही. संताप आला की पेन सापडतं. आज सापडलं.

कारण ताईचा व्हिडिओ. वर्षभरात विसरली असशील म्हणून सांगतो: ताई म्हणजे माझी थोरली बहीण. जन्मभर शाळेत खेळाची बाई होती, निवृत्त झाल्यापासून आमच्याकडे राहते आणि रविवारी क्लबच्या मैदानावर अंपायर म्हणून उभी राहते. तिथल्या निम्म्या खेळाडूंना बॅट कशी धरायची हे तिनंच शिकवलंय. आमच्याकडे मुख्य अंपायर ती एकटीच. दर षटकानंतर टोक बदलून गोलंदाजाच्या बाजूला जाते. स्क्वेअर लेगला फलंदाजी करणाऱ्या संघातलाच कोणीतरी रिकामटेकडा उभा करतात.

तर परवा रविवारी वारा सुटला होता. गोलंदाजाने चेंडू टाकला, फलंदाजाने बॅट फिरवली, ती लागली नाही, आणि चेंडू यष्टिरक्षकाच्या हातात गेला. त्याच वेळी कुठूनशी एक पांढरी प्लास्टिकची पिशवी फुगून उडाली आणि सीमारेषेपलीकडे गेली. ताईने मान वर करून ती जाताना पाहिली आणि दोन्ही हात उंच केले. षटकार.

कोणीतरी मोबाइलवर ते टिपलं. काल टीव्हीवर ‘जरा हटके’मध्ये दाखवलं, एकदा सरळ, एकदा संथ गतीने आणि एकदा मागून हास्याचा फवारा सोडून. खाली पट्टी: ‘पिशवीला षटकार’. देशात सांगण्यासारखं दुसरं काही उरलेलं नाही बहुतेक.

आज कॅन्टीनमध्ये हिशेबनिसाने फोन माझ्या नाकासमोर धरला आणि ही तुमचीच बहीण का, असं विचारलं. मी त्याला शांतपणे समजावलं. कॅमेऱ्याचा कोन, उन्हाची तिरीप, चेंडू पांढरा, पिशवीही पांढरी, वाऱ्याची दिशा, शिवाय त्या क्षणी गोलंदाजाची सावली आडवी आलेली. तो “बरं बरं” म्हणून ताट उचलून गेला. विम्याचे दावे तपासण्यात माझी हयात चालली आहे. नव्या लोकांना मीच शिकवतो की खरं बोलणारा थोडक्यात आटोपतो, खोटं बोलणारा तपशिलात शिरतो. मी तपशिलात शिरलो हे खरं. मी मैदानावर नव्हतो हेही खरं. पण मी ताईला ओळखतो.

५ मार्च, गुरुवार

सकाळचा आमचा नेम मोडू दिला नाही. चहा झाला की मी पेपरातलं विचित्र बातम्यांचं सदर ताईला मोठ्यानं वाचून दाखवतो. पेपर तिच्या हातात दिला तर ती परत करते. “तूच वाच छोट्या, तुझ्या तोंडून ऐकण्यात गंमत आहे.” मी बरा वाचतो हे मला मान्य आहे.

आज एका पोपटाची बातमी होती. तो पंचाच्या शिट्टीची इतकी हुबेहूब नक्कल करायचा की फुटबॉलचा सामना मध्येच थांबला. दुसरी एका संग्रहालयाची: कलाकृती म्हणून मांडलेला मळका आरसा झाडूवाल्याने लख्ख पुसून ठेवला. ताई खो खो हसली. मला एरवीसारखं हसू येईना. त्या पुसणाऱ्यालाही घरी धाकटा भाऊ असेल, आणि तोही कुणाला तरी उन्हाची तिरीप समजावत असेल. ताईला म्हटलं, आपण हे सदर बंद करू या. ती म्हणाली, “का? अजून आपण आलो नाही ना त्यात?” तिला स्वतःचंच हसू येतं, आणि मला त्याचाच राग येतो.

नंतर शब्दकोडं. हल्ली ते ती कागद-पेन्सिलीशिवाय, नुसतं डोक्यात सोडवते. मी संकेत आणि चौकोन सांगायचे, तिने उत्तर द्यायचं. या वयात अशी बुद्धी! आणि लोक तिला पिशवीबाई म्हणतात.

घरात मात्र सगळ्यांना काही ना काही खूळ लागलंय. बायको औषधांच्या दुकानात काम करते, म्हणून घराचंही दुकान करून टाकलंय: मिठाच्या बरणीला एक रबर, साखरेच्या बरणीला दोन, ताईच्या गोळ्यांच्या बाटल्यांना वेगवेगळ्या जाडीचे दोरे. मी विचारलं तर म्हणते, शिस्त. ताईचं वेगळंच. बोलताना ती माझ्या तोंडाकडे न बघता कानाकडे बघते. मला कमी ऐकू येतं असं वाटतं की काय तिला? कान तपासून घ्यावेत.

७ मार्च, शनिवार

गाण्याच्या स्पर्धेवर दोन शब्द, नाहीतर झोप लागायची नाही. आज एका मुलीने चांगलं गायलं. पण गाणं संपायच्या आत तिच्या आईचं आजारपण, वडिलांची बंद पडलेली गिरणी आणि परीक्षकाचे अश्रू. अश्रू तर इतके वेळेवर, की जाहिरात त्यांच्यावरच बेतलेली असावी. गाणं ऐकायला बसावं तर कोर्टकचेरी बघावी लागते. ताई पडद्याकडे पाठ करून भाजी निवडत होती. म्हणाली, “असं ऐक, मग गाणंच ऐकू येतं.” युक्ती चांगली आहे.

ताई आणि बायको आज दुपारी सिनेमाला गेल्या होत्या. महिन्यातून एकदा जातात, मला नेत नाहीत. परत येताना ताईला गॉगल. कथा काय होती म्हटलं तर म्हणाली, विशेष काही नाही, त्याच मारामाऱ्या. दर वेळी हेच उत्तर. तिकिटाचे भाव वाढवतात आणि कथा एकच पुरवून पुरवून वापरतात.

संध्याकाळी सेक्रेटरींचा फोन. उद्याच्या सामन्याला ताईंनी विश्रांती घ्यावी, असं समितीचं मत. विश्रांती! निलंबनाला अलीकडे हे नाव आहे वाटतं. ताई फोनवर “बरं” एवढंच म्हणाली आणि टोपी खिळ्याला अडकवून आत गेली.

९ मार्च, सोमवार

अर्धी रजा टाकून सेक्रेटरींच्या दुकानात गेलो. हे गृहस्थ चष्मेवाले. भिंतभर चौकटी, आणि प्रत्येक काचेत मी रागावलेला.

मी मुद्देसूद बोललो. एका चुकीवरून माणसाला काढायचं का, खेळाडू झेल सोडतात तेव्हा त्यांना विश्रांती देता का, आणि समिती मैदानाचं ऐकते की टीव्हीचं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, “ताईंना एकदा इथे घेऊन या ना. सहज. मी बघतो.”

म्हणजे इथे बाईची इभ्रत चाललीय आणि यांना गिऱ्हाईक दिसतंय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणालो, माझी बहीण नजरेनं पूर्ण धडधाकट आहे, रोज माझ्याबरोबर कोडं सोडवते, आणि तिच्या नजरेची हमी मी देतो. दावे तपासणारा माणूस शब्द तोलून देतो हे तुम्हाला ठाऊक आहे.

ते बराच वेळ हातातली काच पुसत राहिले. शेवटी म्हणाले, “ठीक आहे. तुमच्या शब्दावर. येत्या रविवारी उभं राहू द्या, आणि बावीस तारखेच्या अंतिम सामन्यालाही.”

जिंकलो. घरी येऊन सांगितलं तर वाटलं होतं ताई खूश होईल. तिने फक्त विचारलं, “हमी दिलीस?” बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा आत गेली. उपकाराची जाण नसणं हा आमच्या घरातला जुना गुण आहे.

१५ मार्च, रविवार

लिहू की नको असं झालंय. पण खरं ते लिहायचं, म्हणूनच ही वही.

कित्येक वर्षांनी मैदानावर गेलो, ताईची बाजू डोळ्यांनी पाहून ठेवावी म्हणून. सुरुवातीला आमच्या पोरांची फलंदाजी बघून जीव वैतागला. पायात पडलेला चेंडू, सरळ समोर ठोकायचा, तर हे आडवी बॅट घालून लेगला ओढतात, अंगण झाडल्यासारखं. एकही जण समोर मारेना. ज्यांना ताईने बाळपणापासून सरळ बॅट, सरळ बॅट म्हणून घोकवलं, तीच ही मंडळी.

मग बाकीचं दिसू लागलं. गोलंदाज प्रत्येक चेंडूनंतर आपणच मोठ्यानं चेंडूचा आकडा म्हणत होता. चेंडू सीमेकडे गेला की यष्टिरक्षक हळूच “चार, बाई” म्हणायचा आणि मगच ताईचा हात हलायचा. एका फलंदाजाच्या बॅटची कड लागली, तर अपील व्हायच्या आत तो स्वतःच चालू लागला. मला वाटलं, काय सभ्य पोरं आहेत. दाव्यांच्या फायली वाचून वाचून माणसांवरचा माझा विश्वास उडाला होता, तो परत बसतोय असं वाटलं. आपण होऊन बाद जाणारा फलंदाज मी आजवर पाहिला नव्हता.

चहाच्या वेळी कर्णधाराला गाठलं. सगळे त्याला लंबू म्हणतात. मी म्हटलं, अरे, समोर मारायचं काय वावडं आहे तुम्हाला?

“काका, समोर बाई उभ्या असतात ना.”

“मग? अंपायर समोरच उभा असतो, जगभर.”

त्याने कपातला चहा उगाच गोल फिरवला. “त्यांना चेंडू दिसत नाही, काका. बाजूला कशा होणार?”

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. तो मात्र मला सगळं ठाऊक आहे असं समजून बोलत राहिला. मधोमध दिसत नाही त्यांना, कडेकडेचं दिसतं. आकडे आणि चौकार सांगायची सोय बाईंनीच बोलून ठेवली होती. पिशवीच्या दिवशी नेहमीचा यष्टिरक्षक लग्नाला गेला होता आणि नव्याला सांगायचं राहून गेलं. “आणि समोर मारायचं नाही, हे कुणी ठरवलं नाही. एकदा माझाच फटका त्यांच्या कानाला घासून गेला. त्या जागच्या हलल्या नाहीत. चेंडू गेला हेही कळलं नसावं. त्यानंतर कुणीच समोर मारला नाही.”

मी उठून सीमारेषेवर जाऊन उभा राहिलो. ताई दूर मधोमध उभी होती, पांढरी टोपी, ताठ पाठ. तिच्याभोवती बावीस माणसं तिला न कळू देता चेंडू वळवत होती, आणि मी हमी दिली होती.

१६ मार्च, सोमवार

काल रात्री कोणाशी बोललो नाही. आज बोललो, आणि चुकीच्या क्रमाने बोललो.

आधी बायकोला धरलं. सिनेमा म्हणजे डोळ्यांचा दवाखाना. दर महिन्याला इंजेक्शन, म्हणून गॉगल. डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध डाग पडलाय, तो पुसला जायचा नाही, फक्त वाढू नये म्हणून ही धडपड. रबरं आणि दोरेही त्यासाठीच. “आणि मला सांगायचं नाही?” म्हटलं तर ती म्हणाली, “अहो, डोळे त्यांचे. सांगायचं की नाही तेही त्यांचंच.”

मग ताईच्या खोलीत गेलो. ती पलंगावर बसून बुटांच्या नाड्या बोटांनी चाचपून ओवत होती. मी फार बोललो. विश्वासघात, फसवणूक, आणि सगळ्या गावाला माहीत, सख्ख्या भावाला नाही. दारात उभा राहून, ऑफिसात खोट्या दावेदाराशी बोलतो त्या आवाजात. आता लिहिताना ऐकू येतंय.

तिने मला संपू दिलं. मग माझ्या कानाकडे बघत म्हणाली, “तुला सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तू क्लबात जाऊन मला घरी बसवलं असतंस. नियमाला धरून, आणि माझ्याच भल्यासाठी.”

मी दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबलो असतो की नाही, हीच शंका.

“आणि माझ्या हमीचं काय?”

“मी मागितली होती का?”

तरी मी सोडलं नाही. अंतिम सामन्याला बाहेरगावचा संघ येणार. त्यांना कोण बाई आणि कसलं काय, ते सरळ मारणार आणि चेंडू डोक्यात बसणार. ती म्हणाली, “एक सामना. मग मीच सांगेन सगळ्यांना.” मी म्हणालो, तू गेल्या वर्षीही हेच म्हणाली असशील. ती म्हणाली, “हो.” शपथेवर सांगतो, अशी साक्षीदार मी आयुष्यात पाहिली नाही.

मग रागाच्या भरात तोंडून गेलं. म्हणालो, तू तिथे मिरवत उभी राहतेस, आणि तुझ्यापायी ती पोरं सरळ मारायची विसरली.

तिचे हात थांबले.

“काय म्हणालास?”

मी लंबूचं बोलणं सांगितलं. कानाला घासून गेलेला फटका, आणि त्यानंतर कुणी समोर मारला नाही ते. मला वाटलं होतं तिला माहीत असेल. तिला माहीत नव्हतं.

“लंबूसुद्धा?” एवढंच तिने विचारलं. मी म्हणालो, सगळेच. तिने नाडी अर्धवट सोडली. मग बूट पलंगाखाली सरकवून म्हणाली, “दार लावून घे जाताना.”

१८ मार्च, बुधवार

ताई दोन दिवस जेवण्यापुरती बोलते. सकाळी पेपर वाचायला बसलो तर म्हणाली, आज नको. शब्दकोडं मी एकट्याने करून पाहिलं. सात उभे शब्द रिकामे राहिले.

संध्याकाळी तिने मला हाक मारली आणि सांगितलं, सेक्रेटरींना कळव, मी शुक्रवारी दुकानात येते, काय ते माझं मी सांगते, अंतिम सामन्याला दुसरा अंपायर बघा म्हणावं. म्हणजे माझा इजेचा मुद्दा शेवटी पटला तर. बायकोला तसं बोललो तर तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मिठाऐवजी साखरेची बरणी आणून दिली आहे. या घरात माझं बरोबर ठरलं तरी कुणी कबूल करत नाही.

मग ताई म्हणाली, उद्या संध्याकाळी नेट लावायला सांग. सगळी पोरं पाहिजेत. आणि गोलंदाजीला तू.

मी कॉलेजात असताना फिरकी टाकायचो, हे खरं. पण तेव्हा माझा खांदा माझ्या ताब्यात होता.

१९ मार्च, गुरुवार

खांदा गेला. बाम चोळूनच लिहितोय.

ताईने नेटची मांडणीच उलटी केली. एक नेट माझ्या पाठीमागे बांधायला लावली आणि तिच्या मागे स्वतः उभी राहिली, रविवारी जिथे उभी असते बरोबर त्या जागी, फक्त मधे जाळी. मला एका कडेने टाकायला सांगितलं. मग लंबूला बॅट घेऊन उभं केलं. “पुढे टाक, छोट्या. त्याच्या पायापाशी.” आणि त्याला म्हणाली, “मला मार.”

लंबूने पहिला चेंडू लेगला ओढला. ती म्हणाली, परत. दुसराही ओढला. परत. तिसऱ्याला त्याची बॅट सरळ आली पण मध्येच हात आखडले, चेंडू माझ्या नडगीवर बसला. नडगीची चौकशी कोणी केली नाही.

बाकीची पोरं कडेला उभी होती, कोणी हसत नव्हतं. लंबू म्हणाला, “बाई, नाही होत. सवय गेली.”

“तिसरीत होतास तेव्हाही नव्हतं होत,” ताई म्हणाली. “रडायचास. आता रडायचं असेल तर रड, पण डावा कोपर वर. आणि माझी काळजी करू नकोस, मी तुझ्यासाठी उभी नाहीये, बॅटच्या आवाजासाठी उभी आहे.”

मी पुन्हा टाकला. मला वाटतं तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात सोपा चेंडू असावा. लंबू पुढे सरकला, बॅट सरळ खाली आली आणि असा आवाज झाला, जसा लाकडी पेटीचं जड झाकण नीट बसल्यावर येतो. चेंडू माझ्या कानापासून गेला आणि ताईच्या तोंडासमोर वीतभर अंतरावर जाळीत रुतला. जाळी तिच्या नाकाला लागेपर्यंत ताणली गेली. ती हलली नाही. एवढ्या वेळात मी पहिल्यांदा तिचा चेहरा नीट पाहिला. ती हसत होती.

“हां,” ती म्हणाली. “पुढचा कोण?”

अंधार पडेपर्यंत सगळ्यांचं झालं. परत येताना तिने माझा हात धरला, जिन्याशी नाही, सपाट रस्त्यावर. इतके दिवस धरत नव्हती. मी सेक्रेटरींसमोर काय काय मांडायचं ते तिला सांगू लागलो: समितीने तिला मानाने निरोप द्यावा, त्या चॅनेलने माफी मागावी, लंबूलाही जाब विचारावा की इतके दिवस गप्प का. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तू नुसता ये. बोलायचं मी.” मी म्हटलं, निदान हमीचं तरी मला सांगू दे, शब्द माझा गेलाय. ती म्हणाली, “तेही मीच सांगेन.”

हे बरोबर नाही असं मला अजूनही वाटतं. माझे मुद्दे चोख आहेत.

उद्या: सेक्रेटरींच्या दुकानात ताईबरोबर जाणे आणि तोंड न उघडणे.